स्वयंपाकघरातली चिमणी: हवेच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा

बेंगळुरूत व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता, हेब्बाळ, इलेक्ट्रॉनिक सिटी अशा भागांत फ्लॅट घेतलेल्या मराठी घरांत मॉड्युलर किचनबरोबर शेगडीवर चिमणीही बसते. विकत घेताना काचेचा रंग, बटणे आणि ‘ऑटोक्लीन’ची सोय पाहिली जाते. डक्ट कुठून जाणार, भिंत कसली आहे, बंद दारे-खिडक्यांच्या घरात बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी नवी हवा कुठून येणार, हे क्वचितच कोणी विचारतो. मग काही महिन्यांनी फोडणी टाकली की ठसका थेट बैठकीच्या खोलीपर्यंत जातो. चिमणी मोठ्याने घरघरते आणि तिच्या कडेला तेलाचा थेंब लोंबत राहतो.

अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो, बसवण्याचा असतो. चिमणीचे काम हवा हलवणे. त्यासाठी धुराला बाहेर जायची वाट मोकळी हवी, तेवढीच ताजी हवा आत यायलाही वाट हवी आणि वाटेत साचणारे तेल वेळच्या वेळी निघायला हवे. या तीन गोष्टी साधल्या तर साधी चिमणीही चोख काम करते. त्या चुकल्या तर महागड्या चिमणीचाही उपयोग होत नाही आणि ती धोक्याचीही ठरू शकते.

फोडणीच्या धुरात काय असते

शेगडीवरून वर जाणाऱ्या हवेत पाण्याची वाफ असते, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, मसाल्याचे तिखट कण असतात आणि गॅस जळून तयार झालेले वायू असतात. यांतली वाफ आणि वास आपल्याला जाणवतात. नायट्रोजन डायऑक्साइड आणि थोड्या प्रमाणात असणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र सहसा लक्षात येत नाहीत.

रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास धुरू लागते. त्याच्या पुढे तापवलेल्या तेलातून डोळ्यांना आणि घशाला झोंबणारी संयुगे निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अतितप्त तेलात तळताना निघणाऱ्या धुराला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. दोन चमचे तेलाची रोजची फोडणी आणि दिवसभर कढईसमोर उभे राहणे यांत अर्थातच फरक आहे. पण आपल्याकडे चकली, वडे, पुऱ्या, मसाला भाजणे, सुकट परतणे हे सगळे बंद फ्लॅटमध्ये होते आणि तो धूर घरातली एकच व्यक्ती वर्षानुवर्षे श्वासात घेत असते. चिमणीचा विचार आधी त्या व्यक्तीच्या फुप्फुसांसाठी करावा, भिंतीवरच्या टाइल्ससाठी नंतर.

डक्टची की बिनडक्टची

डक्टची चिमणी हवा घराबाहेर टाकते. बिनडक्टची चिमणी तीच हवा जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडते. बिनडक्टच्या चिमणीत तेल बऱ्यापैकी अडते आणि वास थोडा कमी होतो, पण उष्णता, वाफ आणि गॅसच्या ज्वलनाचे वायू घरातच राहतात. गॅसची शेगडी असेल तर डक्टचीच चिमणी घ्यावी.

फिल्टरचे तीन प्रकार नेहमी दिसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक जाळीचा फिल्टर स्वस्त असतो, पण आपल्या स्वयंपाकात लवकर तुंबतो. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर हवेला वळायला लावतो. तेलाचे जड थेंब त्या वळणावर पट्ट्यांना चिकटतात आणि निथळून खाली येतात. भारतीय घरासाठी हा प्रकार भरवशाचा आहे आणि धुवायलाही सोपा. तिसरा प्रकार बिनफिल्टरचा. त्यात वेगाने फिरणारा ब्लोअरच तेल बाजूला फेकतो आणि ते खालच्या वाटीत जमते. या प्रकारात ब्लोअर आणि डक्ट यांच्या सफाईकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

किती ओढ पुरेशी

दुकानात ताशी १,२०० किंवा १,५०० घनमीटर असे आकडे ऐकू येतात. त्यांचा अर्थ लावायला सोपे गणित आहे. स्वयंपाकघर ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच असेल, तर त्यात साधारण २० घनमीटर हवा मावते. ही हवा तासाला दहा ते पंधरा वेळा बदलायची म्हणजे ताशी २०० ते ३०० घनमीटर. फोडणी, तळण आणि बैठकीच्या खोलीला जोडलेले उघडे स्वयंपाकघर लक्षात घेतले, तर याच्या दुप्पट-तिप्पट क्षमता घेणे समजण्यासारखे आहे.

जाहिरातीतला आकडा बहुधा डक्टचा अडथळा नसताना मोजलेला असतो. लांब डक्ट, वळणे आणि तुंबलेली जाळी यांमुळे प्रत्यक्षातली ओढ बरीच कमी होते. म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा डक्ट आखूड आणि सरळ ठेवण्यावर खर्च करावा.

रुंदीचा नियम सोपा आहे. चिमणी शेगडीइतकी किंवा तिच्याहून थोडी रुंद असावी. दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटरची चालते, तीन-चार बर्नरच्या रुंद शेगडीला ९० सेंटिमीटरची लागते.

किती उंचीवर लावावी

गॅसच्या शेगडीवर बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर सांगतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा आणि त्यातल्या किमान अंतराखाली कधीही जाऊ नये. चिमणी फार खाली आली तर ज्योतीची धग फिल्टरमधल्या तेलापर्यंत पोहोचते. फार वर गेली तर धूर पकडीत येण्याआधीच बाजूला पसरतो.

हे अंतर शेगडीवर भांडे ठेवतो त्या जाळीपासून मोजायचे असते. अनेकदा ते ओट्यापासून मोजले जाते आणि तिथेच घोळ होतो. ओट्यात बसवलेला हॉब काढून त्या जागी उभी शेगडी ठेवली की भांडे वर सरकते आणि अंतर तेवढे कमी होते. शेगडी बदललीत तर उंची पुन्हा मोजा.

चिमणीचे वजन दहा-पंधरा किलो किंवा त्याहून जास्त असू शकते. बेंगळुरूत काही इमारतींच्या भिंती भरीव काँक्रीट ब्लॉकच्या असतात, काहींच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकून चिमणी टांगली तर ती कालांतराने सैल होते. अशा भिंतीला त्यासाठीच बनवलेले फास्टनर लागतात. भिंत कशाची आहे हे मिस्त्रीला काम सुरू होण्याआधीच सांगा. चिमणीच्या दोन्ही बाजूंच्या कपाटांचे प्लायवुड ज्योतीपासून पुरेसे दूर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

डक्ट: सगळ्यात दुर्लक्षित भाग

बहुतेक चिमण्यांचे तोंड १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच व्यासाचे असते. डक्टही शेवटपर्यंत तेवढ्याच व्यासाचा हवा. भिंतीतले भोक चार इंची आहे म्हणून रिड्यूसर लावून पाइप बारीक करणे ही नेहमीची चूक आहे. सहा इंचांऐवजी चार इंच पाइप घेतला तर आतली जागा निम्म्याहून कमी होते आणि तेवढीच हवा ढकलताना घर्षणाचा अडथळा सुमारे साडेसात पट वाढतो. मोटर आवाज करते, तापते आणि धूर घरातच फिरतो.

डक्टची ही पथ्ये पाळावीत:

- लांबी शक्य तितकी कमी आणि काटकोनी वळणे फार तर एक-दोन ठेवावीत. दोन वळणे अगदी लागून घेऊ नयेत.
- पाइप धातूचा असावा. पीव्हीसी पाइप सर्रास लावला जातो, पण आग लागली तर तो वितळतो आणि विषारी धूर सोडतो.
- चुण्यांचा लवचीक अ‍ॅल्युमिनियम डक्ट वापरायचाच असेल तर पूर्ण ताणून लावावा आणि जादा पाइप कापून टाकावा. त्याच्या चुण्यांत तेल साचते.
- आडव्या पाइपला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यावा, म्हणजे वाफेचे पाणी आणि पावसाचे थेंब चिमणीत परत येत नाहीत.
- सांधे धातूच्या क्लॅम्पने आवळून वर उष्णता सोसणारी अ‍ॅल्युमिनियम टेप लावावी.
- बाहेरच्या टोकाला झडपेचे काउल कव्हर हवे. चिमणी बंद असताना त्याने वारा, पाऊस आणि पारवे अडतात. जाळी लावली तर मोठ्या भोकांची लावा, कारण बारीक जाळी तेलाने लवकर बंद होते.

सुटीत महिनाभर गावी जाऊन आल्यावर चिमणी सुरू करण्याआधी झडप मोकळी उघडते का ते पाहा. बेंगळुरूच्या उंच इमारतींत पारव्यांची कमी नाही आणि डक्टचे तोंड त्यांना घरट्यासाठी सोयीचे वाटते. मात्र हे पाहायला बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर झुकू नका. सोसायटीच्या देखभाल कर्मचाऱ्यांकडून किंवा सुरक्षा पट्टा वापरणाऱ्या माणसाकडूनच ते काम करून घ्या.

भोक पाडण्याआधी भिंत ओळखा

गेल्या काही वर्षांत बेंगळुरूच्या अनेक मोठ्या संकुलांत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभारल्या जातात. बोलीभाषेत तिला ‘मायव्हान’ पद्धत म्हणतात. या इमारतींत आतल्या भिंतीही बहुधा सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. तिथे कोअर कटिंगचे यंत्र लावून सहा इंची भोक पाडणे म्हणजे इमारतीच्या सांगाड्यालाच हात घालणे. अशा भिंतीत भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बिल्डरने डक्टसाठी जागा ठेवली असेल तर आराखड्यात ती कुठे आहे ते आधी शोधा आणि शेगडीची जागा त्यानुसार ठरवा.

कर्नाटकात १९७२चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. त्याखाली नोंदलेल्या इमारतीत पाया, मुख्य भिंती, खांब-तुळया हे भाग सामाईक मालकीचे असतात. आपल्या स्वयंपाकघराला लागून आहे म्हणून बाहेरची भिंत एकट्याची होत नाही.

डक्टचे तोंड कुठे उघडते हेही महत्त्वाचे आहे. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर, जिन्यात, नळांच्या शाफ्टमध्ये किंवा गॅस गीझरच्या धुराच्या नळीत ते कधीही उघडू नये. शाफ्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात शिरतो आणि शाफ्टच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साचलेले तेल आगीला खाद्य पुरवते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार स्वयंपाकघराला किमान एक चौरस मीटरची, मोकळ्या जागेत उघडणारी खिडकी हवी, आणि ती शाफ्टमध्ये उघडलेली चालत नाही. चिमणी लावल्याने या खिडकीची गरज संपत नाही.

आत येणारी हवा आणि गॅस गीझर

या लेखातला हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा.

चिमणी तासाला ६०० घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, तर तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दारे-खिडक्या बंद असतील तर घरातला हवेचा दाब उतरतो आणि हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. न्हाणीघराच्या जाळीतून दुर्गंध येऊ लागतो तो यामुळेच.

बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून युटिलिटी असते. भांडी घासायची जागा, वॉशिंग मशिन आणि अनेक घरांत गॅस गीझरही तिथेच. मुळात ही जागा हवेशीर असते. पण पाऊस आणि धूळ आत येऊ नये म्हणून तिला सरकत्या काचा बसवल्या जातात आणि मग ती बंद पेटीसारखी होते. अशा बंद जागेत गीझर पेटलेला असताना शेजारच्या स्वयंपाकघरात चिमणी जोरात चालली, तर गीझरच्या नळीतून बाहेर जाणारा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे, आणि ती साधा थकवा समजून सोडून दिली जातात.

आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाने यासाठी मर्यादा घालून दिली आहे. चिमणी आणि खोलीतली हवा वापरणारे गॅसचे दुसरे उपकरण एकत्र चालत असताना खोलीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा ४ पास्कलहून जास्त उतरता कामा नये. हे घरी मोजता येत नाही, पण नियम पाळता येतात. चिमणी सुरू असताना एक खिडकी नक्की उघडी ठेवा, शक्यतो शेगडीच्या समोरच्या बाजूची, म्हणजे ताजी हवा स्वयंपाकघर ओलांडून येईल आणि वाऱ्याच्या झोताने ज्योत हलणार नाही. बंद युटिलिटीत किंवा न्हाणीघरात गॅस गीझर ठेवू नका. असेलच तर गीझर आणि चिमणी एकाच वेळी चालवू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोके दुखू लागले आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर हा इशारा समजा. गॅस बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना गाठा.

विजेची जोडणी

चिमणीचे अंग धातूचे, जागा वाफेची आणि हात अनेकदा ओले. म्हणून तीन पिनांचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग पॉइंट हवा. तो चिमणीच्या वर किंवा बाजूला, हात पोहोचेल असा असावा. शेगडीच्या अगदी वर नको, कारण धगीने आणि तेलाने सॉकेट खराब होते. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. जोडलेली वायर फॉल सिलिंगमध्ये लपवू नका.

अर्थिंग आहे असे गृहीत धरू नका, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि त्यावरचे चाचणीचे बटण मधून मधून दाबून पाहावे. ऑटोक्लीन मॉडेलमध्ये तापणारी कॉइल असते, म्हणून यंत्रावरच्या पट्टीवरचे वॅट पाहूनच वायर आणि सॉकेट निवडा. वीज गेल्यावर चिमणी इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर ते वॅटही हिशेबात धरा.

गॅसचा वास आला तर

बेंगळुरूत दोन प्रकारचा गॅस वापरात आहे. एक सिलिंडरचा एलपीजी, दुसरा पाइपने येणारा नैसर्गिक वायू. पाइपच्या वायूमागे कोकणचा धागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून बेंगळुरूपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटरची वाहिनी २०१३ साली सुरू झाली आणि शहरात घरोघरी जोडण्या देण्याचे काम गेल गॅस ही कंपनी करते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. दोन्हींत वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास येताच अनेकांचा हात चिमणीच्या बटणाकडे जातो. तो तिथेच थांबवा. बटण दाबताना किंवा मोटर सुरू होताना उडालेली ठिणगी साचलेला गॅस पेटवू शकते. कोणतेही बटण चालू करू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि मग फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो आजच सगळ्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.

शेगडीची रबरी नळी आयएसआय चिन्हाची ‘सुरक्षा’ प्रकारची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. चिमणी बसवताना ओटा आणि कपाटे हलवली जातात, तेव्हा नळी कुठे चेपली गेली नाही ना, हे काम संपताच पाहा.

रोजच्या वापराची शिस्त

स्वयंपाकाला लागण्याआधी तीन-चार मिनिटे चिमणी सुरू करा, म्हणजे हवेचा प्रवाह आधीच तयार होतो. फोडणी टाकल्यावर लावलेली चिमणी पसरलेल्या ठसक्याच्या मागे धावत राहते. स्वयंपाक संपल्यावर दहा मिनिटे चालू ठेवा. धुराची कामे मागच्या बर्नरवर करा, कारण मागचा धूर चिमणीच्या पकडीत नीट येतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका आणि रिकाम्या बर्नरची ज्योत चिमणीखाली जळत ठेवू नका.

ओढ तपासायची साधी रीत अशी. खिडकी थोडी उघडी ठेवून चिमणी पूर्ण वेगाने चालवा आणि वर्तमानपत्राचा अर्धा कागद फिल्टरला लावा. तो चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. खाली पडला तर फिल्टर, डक्ट आणि झडप तपासण्याची वेळ आली.

साफसफाई कशी करावी

तेलाची वाटी दर आठवड्याला पाहा. जमलेले तेल सिंकमध्ये ओतू नका, जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका. बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा आणि जाळीचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. दिवाळीच्या फराळाआधी एकदा आणि फराळ संपल्यावर पुन्हा एकदा धुणे आवर्जून करा, कारण त्या दिवसांत महिन्याभराचे तेल चार दिवसांत साचते. कोळशाचा फिल्टर धुता येत नाही. तो साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो.

धुण्याचा क्रम असा:

१. बटण बंद करून प्लग काढा. शेगडी आणि दिवे थंड होऊ द्या.

२. हातमोजे घाला. फिल्टरच्या कडा धारदार असतात.

३. स्टीलचा फिल्टर गरम पाणी, भांडी घासायचे द्रावण आणि मूठभर खाण्याचा सोडा यांत अर्धा-पाऊण तास भिजवा. मग नायलॉनच्या ब्रशने घासा.

४. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला साधे साबणाचे पाणीच वापरा. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम झिजते, काळे पडते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

५. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. बोअरवेलचे आणि टँकरचे जड पाणी तसेच वाळू दिले तर पांढरे डाग धरतात. पूर्ण वाळल्यावरच फिल्टर परत लावा.

६. काच आणि पत्रा पिळलेल्या फडक्याने पुसा. बटणांवर किंवा मोटरच्या दिशेने फवारा मारू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिड असलेले क्लीनर एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ऑटोक्लीनचे बटण आतले तेल तापवून पातळ करते आणि वाटीत उतरवते. ही सोय कामाची आहे, पण तिने डक्ट साफ होत नाही आणि ब्लोअरवरचे जुने चिकट थरही पूर्ण निघत नाहीत. शेगडी बंद असतानाच ते बटण दाबा. वर्षातून एकदा कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडून ब्लोअर, डक्ट, झडप आणि वायरिंगची तपासणी करून घ्या. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कढई पेटली तर

तेल धुरू लागल्यावरही तापत राहिले, तर साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे ते आपोआप पेट घेते. त्या वेळी पाणी कधीही टाकू नका. पाण्याची तत्काळ वाफ होते, तिचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट असते आणि ती पेटते तेल वर, थेट चिमणीकडे उडवते.

गॅस बंद करा. चिमणी बंद करा, कारण तिची ओढ ज्वाळा डक्टमध्ये खेचते. बटणापर्यंत हात जात नसेल तर पेटीतला एमसीबी पाडा. कढईवर धातूचे झाकण सरकवून ठेवा आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलू नका. कढई हातात घेऊन सिंककडे धावू नका. आग फिल्टरमध्ये किंवा डक्टमध्ये शिरली असेल तर विझवत बसू नका. स्वयंपाकघराचे दार ओढून घ्या, लिफ्ट टाळून जिन्याने बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ला फोन करा.

भाड्याच्या घरात

बेंगळुरूतली बरीच मराठी कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि तिथे भिंतीला हात लावता येत नाही. अशा वेळी खिडकीच्या एका तावदानाच्या जागी नऊ इंची एक्झॉस्ट पंखा बसवणे हा उत्तम मार्ग आहे. त्याने हवा खरोखर बाहेर जाते आणि घर सोडताना काच परत लावता येते. पंख्याचीही पाती दर महिन्याला, प्लग काढून पुसावीत. इंडक्शन शेगडीवर ज्वलनाचे वायू टळतात, पण तेलाचा धूर तेवढाच निघतो, म्हणून पंखा तेव्हाही लागतो.

बसवणाऱ्याला आधी विचारा

पैसे देण्याआधी या प्रश्नांची उत्तरे मिळवा. डक्ट शेवटपर्यंत सहा इंची आहे का? तो धातूचा आहे का? वळणे किती आहेत? बाहेरचे तोंड मोकळ्या हवेत उघडते का आणि झडप सहज हलते का? उंची शेगडीपासून मोजली का? भिंतीला योग्य फास्टनर लावले का? अर्थिंग मोजले का? शेवटी चिमणी पूर्ण वेगाने चालवून बाहेरच्या तोंडातून हवा येते हे स्वतः पाहा आणि मगच कामावर सही करा.

चिमणी घरात एकदाच बसते, पण तिच्याखाली उभे राहून रोज दोन वेळा स्वयंपाक करावा लागतो. म्हणून आज संध्याकाळी चार गोष्टी करा. तेलाची वाटी काढून पाहा, फिल्टर उजेडात धरून पाहा, युटिलिटीची काच उघडा आणि गीझर कुठे लावला आहे ते तपासा. काही चुकलेले दिसले तर दुरुस्ती पुढच्या सणावर ढकलू नका.